हत्यारांचा विमा आणि जवायाचा कापूस

माझ्या नवऱ्याला माणसांपेक्षा मोडक्या मोटारी जास्त आवडायच्या. अमरावतीला बडनेऱ्याच्या रस्त्यावर एका बंद पडलेल्या जिनिंगचे गाळे होते. त्यातला एक त्याने भाड्याने घेतला होता. वर टिनपत्रे, खाली माती, आणि दार एवढं मोठं की भरलेली बैलगाडी बैलांसकट आत जाईल. लढाईच्या वेळी तो फौजेच्या वर्कशॉपमध्ये होता, तिथे काम शिकला. परत आल्यावर शेतात हात घालायला तयार नव्हता. वावर भावांनी वाहायला घेतलं. याच्या वाट्याला म्हातारी आई आली आणि माझ्या वाट्याला ते दोघं.

गाळ्यात दोन गाड्या कायमच्या होत्या. एक लढाईनंतर लिलावात निघालेली जीप, तिला टप नव्हता आणि गिअर दोनच पडायचे. सेमाडोहकडचा एक लाकडाचा ठेकेदार ती घेणार म्हणून किती तरी दिवाळ्या आम्ही ऐकत होतो. दुसरी काळी विलायती मोटर, मोर्शीकडच्या एका संत्र्याच्या बागाईतदाराकडून आणलेली. त्याच्या घरी तिच्यात कोंबड्या बसायच्या. आणली त्या दिवशी मागच्या सीटवर अंडी होती, ती मी काढून घेतली. त्या गाडीचा मला झालेला फायदा तेवढाच.

"हिले उभी करतो, पाह्य," नवरा म्हणायचा. लोकांचे ट्रक आणि मोटारी दुरुस्त करून जे मिळायचं ते या दोन गाड्या खायच्या. मी त्यांना सवती म्हणत नव्हते. सवत निदान भांडी घासते.

हत्यारांना मात्र मी कधी नावं ठेवली नाहीत. पाने, हातोडे, कानशी, छिन्न्या, आटे पाडायची हत्यारं, इंजिन उचलायची साखळीची कप्पी. काही फौजेतून सुटताना विकत घेतलेली, काही अकोल्याच्या बाजारातून एकेक करून जमवलेली. आमच्या चुलीवर जे शिजायचं ते त्या हत्यारांमुळे, हे मला कळत होतं. तो संध्याकाळी प्रत्येक हत्यार पुसून जागेवर लावायचा. घरी आल्यावर मात्र हातपाय धुवायला मला सांगावं लागायचं.

या हत्यारांचा आणि गाड्यांचा विमा आमच्या जवायाने केला. जवाई म्हणजे माझ्या नणंदेचा नवरा. मूर्तिजापूरजवळच्या खेड्यातलं कास्तकाराचं घर, हा एकटा मॅट्रिक झालेला. आधी माणसांचे विमे करायचा. ते काम सरकारकडे गेल्यावर याने दुकानं, माल, मोटारी यांच्या आगीचा आणि चोरीचा विमा धरला. कंपनीची कचेरी अकोल्याला होती. याच्याकडे फटफटी होती आणि तिच्यावर बसताना तो धोतर नाही, पँट घालायचा. आमच्याकडे आला की सासू सांभारवड्या तळायची. एरवी तिचे गुडघे दुखायचे.

"भाऊ," वडी खात तो माझ्या नवऱ्याला म्हणाला, "जिवाचा विमा सरकार घेते. पण तुमचा जीव आहे त्या पान्यात. त्याचा विमा मी घेतो."

"लोखंड आहे जवाईबुवा. लोखंड काय जळते?"

"चोरी तं होते. पत्रा वाकवला का माणूस आत. अन् मोटारी जळतात ना."

"त्या जळल्या तं बरंच होईन," मी म्हटलं.

"काय बोलते व," सासू म्हणाली. "जवाई समोर बसून राह्यले."

जवाई समोर बसलेला असताना आमच्याकडे हवासुद्धा विचारून वाहायची. तो म्हणेल ते हो. त्याने आणलेला कागद इंग्रजीत होता. काय लिहिलं आहे असं विचारणं म्हणजे जवायावर शंका घेणं, म्हणून कोणी विचारलं नाही. मी विचारलं.

"वहिनी, साधं आहे," तो म्हणाला. "गाळ्यात पेट घेणारी वस्तू ठेवायची नाही. पेट्रोल, रॉकेल, रंग. आग लागली अन् आत तसं काही निघालं तं कंपनी हात वर करंन."

नवऱ्याने ते मनावर घेतलं. तो माणूस नियमाचा पक्का होता, फौजेत राहिला होता. पेट्रोलचे डबे त्याने गाळ्याबाहेर खड्डा करून पुरले आणि वर पत्र्याचं झाकण टाकलं. रंगाचे डबे आमच्या घरी आले, माझ्या ज्वारीच्या कोठीजवळ. दारात रेतीच्या बादल्या ठेवल्या. विडी ओढणाऱ्या गिऱ्हाइकाला तो रस्त्यावर उभं करायचा, मग तो कोणीही असो. एकदा एका पोलीस जमादाराला बाहेर काढलं. स्वतःची विडीही रस्त्याच्या पलीकडे कडुनिंबाखाली जाऊन ओढायचा. कंपनीचा माणूस पाहायला आला तेव्हा खूश होऊन गेला. असा गाळा सगळ्या जिल्ह्यात नाही, म्हणाला.

आणि त्याच गाळ्यात पहिल्या वेच्यानंतर जवायाच्या बापाचा कापूस येऊन पडला.

हे बाहेरच्या माणसाला खरं वाटणार नाही, म्हणून सांगते. वऱ्हाडात कापसाला कोणी सामान समजत नाही. दिवाळीनंतर तो ओसरीत असतो, देवघरात असतो, माणसं झोपतात त्या खोलीत छताला टेकलेला असतो. पोरं त्यावर उड्या मारतात, पाहुणा आला तर त्यावरच सतरंजी टाकून झोपतो. आमच्या गावच्या शाळेच्या वऱ्हांड्यातसुद्धा पाटलाचा कापूस पडून असायचा आणि आम्ही त्याला पाठ लावून पाढे म्हणायचो. चौथीपर्यंतची माझी सगळी शाळा अशीच झाली. कोणी म्हणालं, माझा कापूस चार दिवस तुमच्याकडे राहू द्या, तर आमच्याकडे माणूस आपली खाट सरकवतो. नाही म्हणता येतं हे कोणाला ठाऊकच नसतं.

त्या वर्षी भाव पडला होता. जवायाच्या बापाला थांबायचं होतं, आणि अमरावतीत ठेवला तर भाव चढल्या दिवशी बाजारात नेता येईल असा त्याचा हिशेब. गाड्या आल्या. जवाई स्वतः दारात उभं राहून उतरवून घेत होता. ज्या माणसाने पेट्रोल ठेवायचं नाही, रंग ठेवायचा नाही म्हणून सांगितलं, तोच. आणि ज्याने जमादाराला विडीसाठी बाहेर काढलं, तो माझा नवरा कापसाला जागा करायला जीप मागे ढकलत होता. दोघांनाही काही वाटलं नाही. जवायाने फसवलं असं मी म्हणत नाही. त्यालाही सुचलं नव्हतं. सरकीसकट कापूस म्हणजे घरचा माणूस, तो काय पेट घेणार.

मी बोलले ते दुसऱ्याच कारणाने. डबा द्यायला गेले तर नवरा कापसात कंबरेएवढा उभा राहून कानस शोधत होता. त्याच्या ग्रीसच्या हातांना कापूस चिकटला होता, मिशीलाही.

"गिऱ्हाईक आलं तं म्हणंन, मिस्तरी एका रात्रीत म्हातारा झाला," मी म्हटलं.

"चार दिवस आहे."

"कोणाचे चार दिवस? तुमचे का त्याइचे?"

त्याइचे चार दिवस संक्रांतीपर्यंत चालले. दोन ट्रकवाले जागा नाही म्हणून परत गेले. सासूला सांगितलं तर म्हणाली, "पोरीच्या सासऱ्याचा कापूस आहे. आपल्या पोरीले तठी नांदायचं आहे." आमच्या घरात प्रत्येक गोष्ट त्या पोरीच्या नांदण्याशी जाऊन थांबायची. मीही कुठे तरी नांदत होते, ते कोणी धरत नव्हतं.

भाव चढला त्या दिवशी माझा नवरा काळ्या मोटरसाठी काही तरी आणायला अकोल्याला गेला होता. किल्ली सासूने जवायाला दिली. जवाई बापाच्या गाड्या घेऊन आला, गाडीवान कापूस भरायला लागले. दुपारची वेळ. मी घरी ज्वारी निवडत होते. रस्त्यावरून माणसं धावताना दिसली म्हणून गेले. आग कशाने लागली ते मी पाहिलं नाही. कोणी म्हणे गाडीवानाची विडी, कोणी म्हणे जवायाची सिगारेट. मी पाहिलं नाही, म्हणून मी कोणाचं नाव लिहीत नाही.

कापूस भडकतो तेव्हा फार वेळ भडकत नाही. वरचा थर जळून जातो आणि मग आतून धुमसत राहतो. लोकांनी विहिरीचं पाणी ओतलं, विझला म्हणाले, आणि थोड्या वेळाने ढिगाच्या पोटातून पुन्हा धूर. पत्रे तापून लाल झाले. आढी कोसळली ती काळ्या मोटरवर. तिची लाकडी चौकट जळाली, जीपचे टायर गेले. धुमसणं दुसऱ्या दिवशीही चालू होतं. हत्यारं त्याच ढिगाच्या मागे, भिंतीला लावलेली. दोन दिवस ती भट्टीत ठेवल्यासारखी भाजली.

नवरा अकोल्याहून आला, गाळ्यात गेला, एक छिन्नी उचलून ऐरणीवर मारली. धार शेणासारखी दबली. दुसरी मारली, तीही तशीच.

"पाणी उतरलं," तो म्हणाला. "सगळ्याइचं."

लोखंडाला दिलेलं पाणी आगीत उतरलं की हत्यार दिसायला हत्यारच राहतं, पण कामाचं राहत नाही. पाना नटाला लावला की पानाच फाकतो. त्याने एकेक करून सगळी तपासली आणि एकेक करून जागेवर लावली, जसा रोज लावायचा. मला त्याचा राग आला. फेकून द्यायला हवी होती.

आता विमा मिळाला तर त्याचं दुकान राहणार, नाही तर दुसऱ्याच्या वर्कशॉपमध्ये दुसऱ्याच्या पान्याने काम. एवढं सगळ्यांना स्पष्ट होतं. जवायालाही. म्हणून कंपनीचा साहेब पाहायला येणार त्याच्या आदल्या दिवशी तो आला. त्या दिवशी सांभारवड्या झाल्या नाहीत, तेवढी लाज सासूला होती.

"कापूस होता हे कळू द्यायचं नाही," तो म्हणाला. "कळलं तं तुमचा विमा गेला अन् माझी एजन्सी गेली."

"अन् कापसाच्या राखेचं काय करता?" मी विचारलं.

"राख ती राख. कशाचीही असू शकते. फक्त सरकी दिसली नाही पाह्यजे."

सरकी जळून पूर्ण जात नाही. बाहेरून कोळसा होते पण दाणा दाणाच राहतो. ढीग उचलून पोत्यांतून टाकला तरी जमिनीवर, कोपऱ्यात, सगळीकडे काळे दाणे होते. मग सासूने सूप आणि चाळणी काढली. म्हणाली, चाल.

आम्ही दोघी त्या जळक्या गाळ्यात मांडी घालून बसलो आणि राख पाखडली. लग्न होऊन आले तेव्हापासून मी या घरात तांदूळ पाखडले, ज्वारी पाखडली, तूर पाखडली. राख पाखडायची राहिली होती. सरकी वेगळी काढून पोत्यात आणि राख परत जमिनीवर नीट पसरायची, म्हणजे साहेबाला राख कमी वाटू नये.

"अशी कायले झटकते?" सासू म्हणाली. "हळू. तोंडात जाऊन राह्यली माह्या."

"तुमच्या जवायाचीच आहे. गोड लागंन."

"तुह्या जिभेले हाड नाही."

"तुमच्या जवायाच्या कण्याले नाही."

"तो जवाई आहे, पोरी. त्याले काई झालं तं माही पोरगी उद्या दारात येऊन उभी राहीन."

"अन् तुमचा पोरगा दुसऱ्याच्या दारात उभा राहीन, ते?"

ती सूप हलवत राहिली. चांगलं पाखडायची, हे मला मान्य करावं लागतं. तिच्या बाजूला एक दाणा राहिला नाही.

साहेब सकाळी आला. बारीक माणूस, डोक्यावर टोपी, पायात धुळीचे बूट. मी त्याला मोठ्या घरचा समजले होते. बोलायला लागला तेव्हा कळलं, यवतमाळकडचा, आमच्यासारखाच. नवऱ्याला एकेक हत्यार विचारलं, स्वतः दोन-चार ऐरणीवर मारून पाहिली. म्हणाला, "पाणी गेलं. ही मोडीत." तिथे काही वाद झाला नाही. जवाई त्याच्या मागे मागे, साहेब इकडून, साहेब तिकडून. रस्त्यावरची माणसं दारात जमली होती. मी आणि सासू भिंतीला, डोक्यावरून पदर घेऊन.

मग साहेब काळ्या मोटरजवळ गेला. दाराची काच खाली जाते त्या फटीत त्याने बोट घातलं आणि बोटाने काही तरी वर काढलं. आम्ही जमीन पाखडली होती. मोटर कोण पाखडतं.

"हे काय?" त्याने तळहातावर धरलं. काळी सरकी, तिला अर्धवट जळलेली रुई.

"सीटमधलं आहे साहेब," जवाई लगेच म्हणाला. "जुन्या मोटारीच्या सीटमध्ये रुई भरतात."

"भरतात. सरकीसकट भरलेली मी अजून पाह्यली नाही. बसणाऱ्याले टोचंन ना."

दारातला कोणी तरी हसला.

"तुमी कास्तकाराचे ना?" साहेबाने विचारलं.

"हो."

"मग रुई कोणती अन् कापूस कोणता, हे मी तुमाले सांगू?"

जवायाच्या कपाळावर घाम होता. तेव्हा माझी सासू, जिने परक्या माणसासमोर कधी तोंड उघडलं नव्हतं, ती पुढे झाली.

"आमचा व्हता साहेब," ती म्हणाली. "आमच्या वावरातला. माह्या पोरानं ठेवला व्हता."

साहेबाने माझ्या नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्याने जमिनीकडे पाहिलं.

"हो जी," तो म्हणाला. "आमचाच."

"मग संपलंच," साहेब म्हणाला. "पेट घेणारं काई ठेवायचं नाही हे कागदात लिहिलेलं आहे, अन् कापूस पेट घेतो. तुमी ठेवला. कंपनी काई देणं लागत नाही."

जवायाने खिशातून रुमाल काढला आणि कपाळ पुसलं. सावकाश पुसलं, मग मान पुसली, मग रुमालाची घडी घातली. तो तेव्हा असा सुटल्यासारखा दिसला नसता तर मी बोलले नसते, असं मला पुष्कळ वर्षं वाटायचं. ते खरं नाही. मी बोललेच असते.

"आमचं वावर माह्या भासऱ्याइकडे आहे," मी म्हटलं, "अन् त्यात यंदा ज्वारी आहे. कापूस या जवायाच्या बापाचा. उतरवून घेतला यांनी, न्यायले आले हेच, अन् विमा केला तोही यांनीच."

"चूप बस व," सासू म्हणाली.

"तुमी चूप बसा आत्याबाई. सूप तुमीच आणलं होतं."

"सूप कायले?" साहेबाने विचारलं.

"राख पाखडाले."

दारातली माणसं आता हसत नव्हती. साहेब जवायाकडे वळला. "कापूस आत आहे हे तुमाले ठाऊक होतं?"

"वहिनी, तुमी काहून असं..." जवाई म्हणाला.

"खोटं असंन तं खोटं म्हणा," मी म्हटलं. "इतक्या माणसात म्हणा. त्या गाड्या इथल्या अर्ध्या माणसांनी पाह्यल्या."

जवायाने रुमालाची घडी पुन्हा उलगडली.

"बाई, हे लिहून घेतो," साहेब म्हणाला. "सही लागंन. पण यानं पैसे भेटतीलच असं मी सांगत नाही."

"भेटो का न भेटो. कापूस आमचा नाही."

मी जीपच्या जळक्या बॉनेटवर कागद ठेवून सही केली. नवरा पाहत होता. त्याने माझी सही तेव्हाच पहिल्यांदा पाहिली असेल.

घरी आल्यावर तो म्हणाला, "तुले काय गरज होती?"

"तुमच्या पान्याची."

"पाने परत भेटतात. जवाई परत नाही भेटत."

"मग जवायालेच हातात धरा अन् नट खोला."

त्या दिवसापासून सासूने माझ्याशी बोलणं सोडलं. काही सांगायचं असलं तर भिंतीला सांगायची. "मीठ जास्त झालं," भिंतीला. "कोणी तरी पाणी भरावं," भिंतीला. मी भिंतीच्या वतीने उत्तर द्यायचे. नवरा उधारीच्या पान्याने दुसऱ्याच्या गाळ्यात काम करू लागला. संध्याकाळी यायचा तेव्हा हात स्वच्छ धुऊन यायचा. ते मला आवडलं नाही.

जवायाची एजन्सी गेली. लगेच नणंद ट्रंक घेऊन दारात उभी राहिली. सासू म्हणाली होती तसंच झालं, हे मी नाकारत नाही. तिच्या सासऱ्याने सांगितलं होतं, तुझ्या भावजयीकडेच जाऊन राहा, तिला फार खरं बोलता येतं.

"वहिनी, तुमाले पाने भेटतीन," नणंद जेवताना म्हणाली. "माह्यं घर गेलं."

"घर तिथंच आहे. नवरा रुसून राह्यला."

"तुमाले काय जाते बोलाले."

"दोन वेळची भाकर जाते. घे अजून."

ती रडली आणि भाकरी घेतली. वाईट बाई नव्हती. आईने तिला नांदणं एवढंच शिकवलं होतं आणि नवऱ्याने तेही करू दिलं नाही. पण मला तिची दया आली असं लिहिलं तर ते खोटं होईल. तिला माझा राग होता आणि मला तिच्या ट्रंकेचा. ती ट्रंक माझ्या झोपायच्या जागेवर ठेवली होती.

कंपनीचं उत्तर उन्हाळ्यात आलं. साहेबाने काय लिहिलं होतं ते मला माहीत नाही, इंग्रजीत होतं. नवऱ्याला अकोल्याच्या कचेरीत बोलावून सांगितलं ते एवढं, की कंपनीचा माणूसच कापूस ठेवत असेल तर गिऱ्हाइकाने काय समजायचं, म्हणून कंपनी हत्यारांचं देईल. गाड्यांचं देणार नाही, त्यांची किंमत ठरवता येत नाही. ते ऐकून मला बरं वाटलं. एवढ्या वर्षांत त्या गाड्यांबद्दल माझ्या मताशी मिळणारा एक तरी माणूस निघाला, आणि तोही कचेरीतला.

नवऱ्याने अकोल्याच्या बाजारात हत्यारं घेतली. मला नेलं नाही. पेटी उतरवून घरात आणली तेव्हा मला दाखवलीही नाही. गाळामालकाने नवे पत्रे टाकले आणि भाडं वाढवलं. जीप मोडीत गेली. काळी मोटर मात्र त्याने ठेवली, तिच्या जळक्या सांगाड्यासकट. मी काही बोलले नाही. जे मागायला तोंड उघडलं होतं ते आलं होतं.

पोळा झाल्यावर जवाई बायकोला न्यायला आला. बापाच्या घरी कामाला माणूस कमी पडत होता, रुसणं परवडेना. तो घरात आला नाही. गाळ्यासमोर रस्त्यावर फटफटी लावली आणि तिथूनच निरोप पाठवला. नणंद ट्रंक घेऊन गेली, सासू तिच्यामागे, मी त्यांच्यामागे. ट्रंक मागे बांधली, नणंद बसली. त्याने लाथ मारली, फटफटी सुरू झाली नाही. पुन्हा मारली. नणंद उतरली. तो घामाघूम झाला, रस्त्यावरची माणसं थांबून पाहू लागली. हीच माणसं तेव्हाही दारात होती.

माझा नवरा गाळ्यातून पाहत होता. मग त्याने नवी पेटी आणली, मातीत गोणपाट टाकून बसला आणि फटफटी उघडली. काम बराच वेळ चाललं. नवे पाने नटाला नीट बसत होते, फाकत नव्हते, मी ते पाहत होते. शेवटी त्याने हात पुसले आणि मान हलवली. जवायाने लाथ मारली. सुरू झाली.

जवायाने खिशात हात घातला. "किती झाले?" त्याने विचारलं. सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं.

सासरच्या माणसाला जवाई पैसे विचारतो तेव्हा त्याला थोबाडीत मारायची असते. आणि सासरचा माणूस म्हणतो, काय बोलता जवाईबुवा, लाजवता का आमाले. मग जवाई जिंकून निघून जातो. आमच्याकडे हे असंच असतं. सासू तोंड उघडायच्या बेतात होती, नवऱ्याने म्हणायचं ते तीच म्हणणार होती.

नवऱ्याने आकडा सांगितला. रस्त्यावरच्या कोणत्याही गिऱ्हाइकाला सांगितला असता तोच.

जवाई थांबला. मग त्याने पैसे मोजले. नवऱ्याने ते घेतले, पुन्हा मोजले, एक नवा पैसा जास्त आला होता तो परत दिला आणि बाकीचे पेटीच्या झाकणात ठेवले. फटफटी गेली. नणंदेने मागे वळून पाहिलं नाही.

सासू माझ्याकडे वळली. भिंत जवळ नव्हती. "तूच शिकवलं त्याले हे," ती म्हणाली.

मी शिकवलं नव्हतं. तो आत जाऊन पाने पुसायला बसला होता.